ग्रामीण शाळांत विज्ञान 'उपलब्ध आहे', हे मोजायचं कसं?

मोजपट्टी (धागाकर्ता)

ग्रामीण भागातल्या विज्ञान शिक्षणावरचे अहवाल उघडले की बहुतेकांचा पाया एकच निघतो: शाळेनंच भरून दिलेला तक्ता. प्रयोगशाळा आहे? हो. विज्ञान शिक्षक? हो. वीज? हो. तीन 'हो' जमले की शाळा हिरव्या रकान्यात जाते आणि विषय मिटतो. त्या शाळेतल्या दहावीच्या मुलानं कधी परीक्षानळी हातात धरली आहे का, हा प्रश्न तक्त्यात नसतोच.

सर्वेक्षण किंवा प्रबंध आखणाऱ्यांना हाताशी ठेवता येईल असं काही इथे जमवू या. माझी मांडणी अशी: उपलब्धता ही सहा कड्यांची साखळी आहे. रोज गाठता येईल अशी शाळा. त्या शाळेत हव्या त्या इयत्तेला विज्ञान. तो विषय शिकलेला शिक्षक. वेळापत्रकातले तास खरोखर होणं. चालू स्थितीतलं साहित्य. आणि त्या साहित्याला मुलाचा हात लागणं. प्रत्येक कडी ८० टक्के मुलांपर्यंत पोचते असं धरलं आणि कड्या एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या, तर सहाव्या कडीला २६ टक्केच मुलं उरतात. अहवालात मात्र प्रत्येक कडीचे ८० टक्के वेगवेगळ्या पानांवर छापलेले असतात आणि एकूण चित्र बरं दिसतं.

किस्से दुसऱ्या धाग्यावर. इथे मोजायची रीत आणि ती कुठे फसते, एवढंच. आणि 'ग्रामीण' कशाला म्हणायचं ते आधी ठरवू, नाहीतर पुढचं सगळं घसरतं.

नमुनेदार

'ग्रामीण'चं पटकन उरकतो. पिसा या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-चाचणीच्या शाळा-प्रश्नावलीत ३,००० पेक्षा कमी वस्ती म्हणजे ग्रामीण. भारताच्या जनगणनेत (नगरपालिका वगैरे असलेली वैधानिक शहरं सोडून) शहर ठरायला किमान ५,००० लोकसंख्या, पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं लागतात. उरलं ते ग्रामीण. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं २०२० साली मान्य केलेली पद्धत नकाशावर चौकटी पाडून चालते. तिथे सलग वस्तीला चौरस किलोमीटरला ३०० ची घनता आणि एकूण ५,००० लोक असले की ती शहरी बाजूला जाते. एकच गाव तीन व्याख्यांत तीन ठिकाणी पडू शकतं. म्हणून प्रश्नावलीत 'ग्रामीण/शहरी' असा रकानाच ठेवू नका. लोकसंख्या, घनता आणि जवळच्या बाजारपेठेपर्यंतचा प्रवासवेळ हे कच्चे आकडे घ्या. वर्गवारी मागाहून कुठलीही लावता येते.

आता त्या २६ टक्क्यांबद्दल. हिशेब बरोबर, गृहीतक कच्चं. कड्या स्वतंत्र नसतात. जिथे रस्ता नाही तिथेच शिक्षक टिकत नाही आणि तिथेच साहित्य पोचत नाही. अडचणी एकाच ठिकाणी साचल्या की सहाही कड्या पार करणाऱ्यांचं प्रमाण २६ पेक्षा जास्त येईल. सगळ्या पूर्ण एकवटल्या तर ते थेट ८० च असेल. पण मग उरलेल्या २० टक्के मुलांना काहीच मिळत नसेल. म्हणजे कड्यांची सरासरी काढणं बाद. प्रत्येक मुलामागे सहा 'हो/नाही'ची ओळ भरा आणि ओळींचे प्रकार मोजा. ज्यांच्या सहाही घरांत 'नाही' आहे त्यांची संख्या स्वतंत्र छापा.

दुसरा घोळ छेदाचा. शाळेत जाऊन मोजलं की शाळेत न येणारी मुलं हिशेबातून गळतात, आणि पहिली कडी तर त्यांच्याबद्दलच आहे. घरोघरी नमुना घ्यावा लागतो. भारतातलं 'असर' सर्वेक्षण म्हणूनच गावात शिरतं: जिल्ह्यामागे ३० गावं, गावामागे २० घरं. त्यात वाचन आणि गणित तपासतात, विज्ञान नाही, पण नमुन्याची चौकट उचलण्यासारखी आहे.

आडवाट

पहिल्या कडीवर. अंतर म्हणजे दोन अक्षांश-रेखांशांमधली सरळ रेघ, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवा आकडा. मध्ये ओढा, घाट किंवा रेल्वेरूळ असला की दीड किलोमीटरचे चार होतात. रस्त्यांचे खुले नकाशे खेडोपाडी अर्धवट असतात, पायवाटा तर बहुधा नसतातच. त्यामुळे संगणकानं काढलेला मार्गही अपुरा.

पद्धत अशी ठेवा. शाळेच्या फाटकावर आणि वस्तीच्या मध्यावर फोननं जागा नोंदवा. मोकळ्या आभाळाखाली पाच-दहा मीटरची चूक येते, ती चालते. मग वस्तीतल्या एखाद्या विद्यार्थ्याबरोबर त्याच्या चालीनं शाळेपर्यंत जा, मोठ्यांच्या चालीनं नाही, आणि मिनिटं लिहा. 'पावसात हाच रस्ता चालतो का, किती दिवस बंद असतो' हा प्रश्न वेगळा विचारा. कोरड्या महिन्यात केलेलं सर्वेक्षण आणि पावसाळ्यातली हजेरी यांचा मेळ बसत नाही तो इथे.

वस्तीच्या 'मध्या'वरही लक्ष असू द्या. विखुरलेल्या गावात मध्य म्हणजे देऊळ आणि चावडी. वाड्या-पाडे तिथून कोसभर लांब असतात आणि शाळा बहुतेक वेळा देवळाजवळच असते. वाडीनिहाय नोंद नसेल तर अंतर पद्धतशीरपणे कमी येतं.

अंतराचा परिणाम किती मोठा असतो याचा चांगला पुरावा अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतातला आहे. बर्ड आणि लिंडेन यांचा २०१३ चा अभ्यास. ३१ गावं आणि दीडेक हजार मुलं. काही गावांना यादृच्छिक पद्धतीनं (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून) गावातच शाळा दिली. पटनोंदणीत मुलगे आणि मुली यांच्यात २१ टक्के-बिंदूंची दरी होती, ती गावात शाळा आल्यावर नाहीशी झाली. गुणांतली दरीही बरीच घटली. अंतर मुलींना जास्त नडतं हे सगळेच म्हणतात. इथे ते मोजलेलं आहे.

घंटा

दुसरी आणि तिसरी कडी एकत्रच बघावी लागते, कारण दोन्हींचं मूळ शाळेच्या आकारात आहे. सहावी ते दहावी पाच इयत्ता, प्रत्येकी एक तुकडी, आठवड्याला विज्ञानाचे ६ तास धरा. झाले ३० तास, म्हणजे एका शिक्षकाचा पूर्ण भार. म्हणून लहान शाळेला विज्ञानाचं एकच पद. भौतिक, रसायन, जीव, सगळं त्याच माणसाकडे. तो जीवशास्त्राचा पदवीधर असेल तर तक्त्यात 'विज्ञान शिक्षक: हो' आणि विद्युतधारेचं प्रकरण वाचून दाखवलेलं. यात त्या शिक्षकाचा दोष नाही, पदांच्या गणिताचा आहे. पुढे अकरावीला तीन स्वतंत्र शिक्षक लागतात आणि तेवढा पट नसतो, म्हणून विज्ञान शाखाच उघडत नाही.

मोजायचं असं: वेळापत्रक घ्या, प्रत्येक विज्ञान तासासमोर त्या आठवड्यातला घटक लिहा आणि शिक्षकाचा पदवीचा विषय लिहा. जुळणारे तास भागिले एकूण तास. एका आठवड्यावर थांबू नका, वर्षाचं नियोजन घ्या, कारण विषय महिन्यागणिक बदलतो.

चौथ्या कडीसाठी हजेरीपट पुरत नाही. मुलांच्या वह्या बघा. पाच वह्या, पटावरून ठरावीक अंतरानं निवडलेल्या (शिक्षकानं काढून दिलेल्या नव्हेत), आणि कोणती प्रकरणं कोरी आहेत एवढंच टिपा. कोरी प्रकरणं एकाच उपविषयातली निघाली तर वरचं गुणोत्तर आपोआप पडताळलं जातं.

परीक्षानळी

पाचव्या कडीवर तासभर बोलू शकतो, पण लिहितो तेवढं वाचा.

'सूक्ष्मदर्शक आहे का' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'पाच मिनिटांत शंभर पटीवर कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशीभित्ती दिसतात का' हा बरोबर. कपाटातले निम्मे सूक्ष्मदर्शक इथेच नापास होऊ शकतात, आणि कारणं नेहमीचीच: आरसा निखळलेला, दमटपणानं भिंगावर बुरशी, रंध्रपडदा अडकलेला, किंवा मोठ्या पटीच्या वस्तुभिंगावर तेल पुसायचं राहून चिकट थर. पहिलं कारण पाच मिनिटांत दुरुस्त होतं, बुरशीनं काच कोरली असेल तर नाही. त्यामुळे नोंदीला तीन रकाने ठेवा: चालतं, जागेवर दुरुस्त होईल, बाद.

विजेची उपकरणं. अमीटर तपासायचा तर दीड व्होल्टचा एक सेल, टॉर्चचा बल्ब आणि अमीटर एकसरीत जोडा. काटा हलला आणि सेल काढल्यावर शून्यावर परत आला तर ठीक. अमीटर थेट सेलला जोडू नका. बल्ब नसला की सगळी धारा अमीटरमधून जाते आणि गुंडाळी जळते. शाळेतले बहुतेक मेलेले अमीटर याच वाटेनं गेलेले असतात. पट्टीचुंबकाला टाचण्या एकीखाली एक लटकवून बघा. लोखंडी पट्ट्यांशिवाय, सारखी टोकं एका बाजूला करून ठेवलेली जोडी काही वर्षांत मरगळते.

रसायनं. बाटली आहे म्हणजे रसायन आहे असं नव्हे.

सोडियम हायड्रॉक्साइड: चकत्यांचा दगड झालेला. हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा बराच भाग कार्बोनेट बनतो, मग अनुमापनाचं उत्तर चुकतं आणि दोष मुलाच्या हाताला. काचेचं बूच असेल तर तेही बाटलीला चिकटून बसतं. रबरी बूच हवं.

हायड्रोजन पेरॉक्साइड: चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाका. बुडबुडे नाहीत म्हणजे बाटलीत पाणी उरलंय.

फेरस सल्फेट: फिकट हिरवं हवं. पिवळट-तपकिरी दिसलं तर ऑक्सिडीकरण झालंय.

आयोडिनचा द्राव: स्टार्चच्या पातळ द्रावावर थेंब टाका, गडद निळा-काळा रंग यायला हवा. बूच सैल असेल तर आयोडिन उडून जातं.

चुन्याची निवळी: आधीच दुधाळ असेल तर उच्छ्वासाच्या प्रयोगाला शून्य उपयोग. ताजी करून गाळायला हवी.

मॅग्नेशियमची फीत: काळपट पडली असेल तरी बाद नाही, पॉलिश पेपरनं घासा. ही एकच गोष्ट कपाटात म्हातारी होऊनही कामाला येते.

कपाटाची मांडणीही लिहा. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सूक्ष्मदर्शक एकाच कपाटात असतील तर पुढल्या वर्षी त्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू फिरणार नाहीत. आम्लाच्या वाफांनी निळा लिटमसही पाकिटातच लाल होतो.

आणि सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे फुटतुटीची नोंदवही. दोन वर्षांत एकही परीक्षानळी फुटली नाही असं दिसलं तर ती प्रयोगशाळा फार काळजीपूर्वक वापरली जाते असा निष्कर्ष काढू नका. ती वापरलीच जात नाही. जिथे फुटलेल्याची भरपाई शिक्षकाच्या खिशातून होते तिथे कुलूप लागणारच, तेव्हा 'फुटलेल्याची नोंद कशी निर्लेखित होते' हा प्रश्न मुख्याध्यापकांना विचाराच.

मोजपट्टी

फुटतुटीची नोंदवही! हे एकट्यानं तक्त्यातल्या दहा प्रश्नांचं काम करेल. विकत घेतलेल्या रसायनांच्या पावत्या आणि बाटलीतली पातळी यांचा ताळा घातला तर वापराचा दरही निघेल.

सहाव्या कडीवर कोणी बोला.

सहावा_बाक

हात कोणाचे लागतात हे मोजायला क्षणिक नोंद पद्धत वापरा. ४० मिनिटांचा तास, दर दोन मिनिटांनी एक नजर, एकूण २० नजरा. ४५ मुलांच्या वर्गात सगळ्यांवर लक्ष ठेवणं जमत नाही; पटावरून दर चौथं मूल धरा, ११ होतील, म्हणजे एका तासाच्या २२० नोंदी. प्रत्येक नजरेला प्रत्येक मुलासाठी एकच खूण: हाताळतोय, बघतोय, प्रयोग दिसत नाही अशा जागी आहे, लिहितोय, इतर. घड्याळाचा ठोका पडला त्या क्षणी जे दिसलं तेच. 'आत्ताच हाताळत होता' चालणार नाही. दोन मिनिटांत कधीही हात लागला तर खूण, अशी पद्धत धरली तर हाताळणी फुगून येते.

मुलगा/मुलगी हा रकाना अनिवार्य. गटात साहित्य मुलांकडे आणि वही मुलींकडे अशी वाटणी होते आणि वर्गाच्या सरासरीत ती दिसत नाही.

शिक्षकानं टेबलावर करून दाखवलेला प्रयोग 'झाला' म्हणून लिहिला जातो. त्याला वेगळी खूण द्या.

नमुनेदार

सहावा_बाक यांच्या पद्धतीला एक पुरवणी. दोन निरीक्षकांनी एकाच वर्गाची एकाच वेळी नोंद करायची आणि जुळणी काढायची. पण 'जुळणी ९० टक्के' यावर खूश होऊ नका. समजा दोघांनीही ९० टक्के नोंदींत 'हाताळत नाही' लिहिलं. मग नुसत्या योगायोगानं जुळणारा भाग ०.९ × ०.९ अधिक ०.१ × ०.१, म्हणजे ०.८२. कोहेनचा कप्पा (योगायोग वजा करून जुळणी मोजणारा गुणांक) काढला तर (०.९० − ०.८२) ÷ (१ − ०.८२) = ०.४४. म्हणजे मध्यमच. हाताळणी मुळात विरळ असल्यानं कच्ची जुळणी नेहमीच छान दिसणार. ०.७ च्या वर कप्पा येईपर्यंत चित्रफितींवर सराव, मग क्षेत्रात.

नमुन्याच्या आकाराचंही इथेच सांगतो, कारण प्रबंधांत हमखास चुकतं. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण सगळी शितं एकाच पातेल्यातली असतील तर बाकीच्या पातेल्यांबद्दल काही कळत नाही. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. हा सारखेपणा ०.२ धरा. ४० शाळांतून २५-२५ मुलं, एकूण १,०००. अभिकल्प परिणाम (गटागटांनी नमुना घेतल्यानं माहिती किती पट घटते तो आकडा) १ + २४ × ०.२ = ५.८. म्हणजे तुमचे हजार म्हणजे साध्या यादृच्छिक नमुन्यातले १७२. तेच हजार १०० शाळांतून १०-१० घेतले तर परिणाम २.८ आणि वजन ३५७ मुलांचं. मुलं तेवढीच, माहिती दुपटीहून जास्त. प्रवासखर्च वाढतो हे मान्य, पण अर्ज लिहितानाच तो मागा.

भिंगरी

लेखी चाचणीनं प्रयोगकौशल्य कळत नाही, त्यासाठी प्रत्यक्ष चाचणी हवी. १९९५ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान अभ्यासात अशी प्रात्यक्षिक चाचणी जोडली होती. खर्चिक असते, पण तीन टेबलं आणि टेबलाला आठ मिनिटं, एवढ्यावर भागतं. एक टेबल पूर्ण लिहून देते.

लंबक. न ताणणारा दोरा, नट किंवा छोटा गोळा, अडकवायला पक्का आधार, मीटरपट्टी, स्टॉपवॉच. सूचना: टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत १०० सेंटिमीटर ठेव, थोडासाच ओढून सोड, २० दोलनांचा वेळ घे, एका दोलनाचा काढ. अपेक्षित उत्तर सुमारे २.० सेकंद.

गुण उत्तराला नकोत, पायऱ्यांना द्या. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली का. ओढ १० अंशांच्या आसपास ठेवली का. आणि मोजणी शून्यापासून केली का. ही शेवटची पायरी निर्णायक. सोडतानाच 'एक' म्हणणारं मूल २० म्हणेपर्यंत प्रत्यक्षात १९ दोलनं होतात, वेळ ३८ सेकंद, दोलनकाल १.९. त्यावरून गुरुत्वत्वरण काढलं तर ९.८ ऐवजी १०.९ च्या आसपास येतं. दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंत लांबी मोजली तर मात्र चूक जेमतेम एक टक्का. त्यामुळे कोणती चूक झाली हे उत्तराच्या आकड्यावरूनच ओळखता येतं. हाताळलेल्या आणि न हाताळलेल्या मुलांतला फरक मोजणीच्या पायरीत दिसेल.

याच प्रयोगावरून प्रात्यक्षिक वह्याही तपासता येतात. हातानं स्टॉपवॉच दाबताना दशांश-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतातच. २० दोलनांना ३९.८, ४०.३, ४०.१ असं विखुरलेलं यायला हवं. तीस वह्यांत ४०.० च असेल तर प्रयोग फळ्यावर झालाय.

लेखी प्रश्न ठेवायचेच असतील तर संदर्भ तपासा. घर्षणासाठी सरकता जिना, त्वरणासाठी उद्वाहन: ही चित्रं न पाहिलेल्या मुलाला भौतिकी येत नाही असा खोटा निकाल निघतो. समान एकूण गुणांची शहरी आणि ग्रामीण मुलं घेऊन प्रत्येक प्रश्न वेगळा तपासायचा. मँटेल-हेन्झेल चाचणी हेच करते. कौल स्पष्टपणे एका बाजूला झुकला की प्रश्नाचा संदर्भ बघा. भौतिकी तीच ठेवून संदर्भ बदलता येत असेल तर बदला, नाहीतर तो प्रश्न काढा.

कंदील

इंटरनेट नसलेल्या शाळांत ऑफलाइन सर्व्हर ठेवतात आणि वापराच्या नोंदीवरून 'उपलब्धता' मोजतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कोलिब्री किंवा किविक्स (इंटरनेटशिवाय शैक्षणिक साहित्य दाखवणारी सॉफ्टवेअर), त्यात फेटची आभासी प्रयोगांची सिम्युलेशन वगैरे. यंत्रणा चांगली आहे, नोंदी फसव्या.

पहिली गोष्ट घड्याळाची. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज गेली आणि इंटरनेट नसलं की यंत्र चालू झाल्यावर जुनीच तारीख धरतं. मग नोंदीत एकाच दिवशी तीन आठवड्यांचा वापर दिसतो किंवा वापर सुट्टीत झालेला दिसतो. उपाय: डीएस३२३१ चं घड्याळ-मॉड्यूल बसवा, नाण्याएवढ्या सेलवर वर्षानुवर्षं चालतं.

दुसरी गोष्ट लॉगिनची. वर्गात एकच लॉगिन सगळे वापरतात, त्यामुळे एक मूल दिवसाला सहा तास शिकताना दिसतं आणि बाकीची शून्य. तिसरी, मेमरी कार्ड. अचानक वीज गेली की कार्डावरची नोंद बिघडते, आणि जिथे वीज जास्त जाते तिथलाच विदा (डेटा) जास्त हरवतो. हा गहाळ विदा यादृच्छिक नाही, नमुनेदार यांनी नोंद घ्यावी.

विजेचा हिशेबही चुकतो. सर्व्हरला सरासरी ६ वॅट पुरतात. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली तर १२० वॅट-तास, रूपांतरातला ऱ्हास वजा जाता १०० धरा. सोळा तास निघाले. हे बघून 'विजेचा प्रश्न सुटला' असं लिहितात. पण दहा टॅब्लेट, प्रत्येकी सुमारे १८ वॅट-तासांचे, रोज पूर्ण चार्ज करायचे तर १८० वॅट-तास नुसते त्यांनाच. सर्व्हर रात्रभर जागा आणि टॅब्लेट मेलेले, असं चित्र असतं. म्हणून 'यंत्र चालू होतं का' याऐवजी 'तासाच्या सुरुवातीला २० टक्क्यांवर चार्ज असलेले टॅब्लेट किती' हे टिपा.

आणि यंत्र दिलं म्हणजे शिक्षण पोचलं, या समजाला पेरूनं चांगलं उत्तर दिलंय. तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत मुलागणिक लॅपटॉप दिले, तीनशेहून अधिक शाळांवर यादृच्छिक चाचणी झाली. विद्यार्थ्यामागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं. भाषा-गणिताच्या गुणांवर परिणाम दिसला नाही.

नमुनेदार

गहाळ विदाचा मुद्दा रास्त. प्रत्येक शाळेत वीज गेल्याचे तास वेगळे नोंदवा आणि विश्लेषणात घ्या, निदान पक्षपात कुठल्या दिशेनं आहे ते कळेल.

पेरूच्या जोडीला केनियाचा अभ्यास वाचायलाच हवा. ग्लेवे, क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली शाळांतल्या भिंतीवरच्या तक्त्यांचा परिणाम दोन पद्धतींनी काढला. आधीपासून तक्ते असलेल्या आणि नसलेल्या शाळांची तुलना केली तर तक्त्यांमुळे गुण प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या) २० टक्क्यांपर्यंत वाढल्यासारखे दिसतात. मग १७८ शाळांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून तक्ते दिले, तर वाढीचा काही पुरावाच नाही. ज्या शाळा तक्ते आणतात त्या मुळातच वेगळ्या असतात. 'प्रयोगशाळा असलेल्या शाळांतली मुलं पुढे' असं म्हणणारा प्रत्येक तक्ता या चाळणीतून जायला हवा.

आडवाट

मग अंतराचंही तेच नाही का, असं कोणी विचारायच्या आत: मुलींना शाळेसाठी सायकल देणाऱ्या बिहारच्या योजनेवर मुरलीधरन आणि प्रकाश यांनी शेजारचा झारखंड तुलनेला घेऊन काम केलं. माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, मुलगे-मुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं, आणि वाढ मुख्यतः शाळेपासून लांबच्या गावांत झाली. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. कारण खरोखर अंतरच असेल तर परिणाम लांबच्या गावांतच दिसायला हवा, आणि तो दिसला.

घंटा

पण पोचल्यावर आत काय? शिक्षक लांबच्या शाळेत जावेत म्हणून गांबियानं भत्ता दिला: मुख्य रस्त्यापासून ३ किलोमीटरहून दूरच्या शाळांना, पगाराच्या ३० ते ४० टक्के. ३ किलोमीटरच्या रेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शाळांची तुलना केली तर पात्र शिक्षकांचं प्रमाण वाढलं, पण मुलांचे सरासरी गुण वाढले नाहीत. म्हणजे तिसरी कडी दुरुस्त होऊनही साखळी पुढे तुटलेलीच राहू शकते. एका कडीवर पैसा ओतून शेवटच्या कडीवर परिणाम शोधायचा आणि मग 'भत्ता निरुपयोगी' म्हणायचं, हे मला पटत नाही.

परीक्षानळी

सगळ्या कड्या एकत्र हाताळणारं उदाहरण हवं असेल तर होशंगाबाद. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी मध्य प्रदेशातल्या १६ शाळांत प्रयोगाधारित विज्ञान सुरू केलं. १९७८ मध्ये ते जिल्हाभर गेलं, १९८२ पासून एकलव्य संस्थेनं धुरा घेतली आणि २००२ साली राज्य शासनानं ते बंद केलं. लोक किटचीच आठवण काढतात. मला त्यातली परीक्षा जास्त महत्त्वाची वाटते: पुस्तक उघडं ठेवून लेखी आणि जोडीला प्रात्यक्षिक. परीक्षेत हात लागतो म्हटल्यावर कपाटाचं कुलूप वर्षभर बंद ठेवणं परवडत नाही. शिवाय शिक्षकांच्या मासिक बैठका आणि संपलेल्या साहित्याची भरपाई. किट एकदा वाटून मोकळं होणाऱ्या योजनांत नेमकं हेच नसतं. संशोधनासाठी प्रश्न: संपणाऱ्या वस्तू (फीत, सेल, आम्ल) संपल्यापासून परत यायला किती दिवस लागतात? दोन तारखांची वजाबाकी आहे, पण कुठल्याही तक्त्यात सापडत नाही.

दगडी_पाटी

पद्धतीवर सगळं आलं, गोपनीयतेवर कोणी बोललं नाही. लहान गावात नाव गाळून काही लपत नाही. 'तालुक्याच्या पूर्व भागातल्या एकशिक्षकी शाळेतली जीवशास्त्राची शिक्षिका' एवढं छापलं की सगळ्या तालुक्याला कळतं. वर तुम्ही तिची न जुळणारी तासिका आणि कोरी प्रकरणं मोजलेली आहेत.

विदा खुला करताना अक्षांश-रेखांश दोन दशांशांपर्यंत कापा. त्यानं जागा सुमारे किलोमीटरभर धूसर होते. पण विरळ वस्तीत त्या किलोमीटरात एकच शाळा असते, तेव्हा ते पुरत नाही. तिथे जागा काढूनच टाका आणि फक्त प्रवासवेळाचा गट ठेवा. शिक्षकाची पदवी, लिंग आणि सेवेची वर्षं हे तिन्ही एका ओळीत देऊ नका. एकाच प्रकारच्या पाचपेक्षा कमी शाळा असतील तर तो प्रकार शेजारच्यात मिसळा.

संमती मुख्याध्यापकांची घेतली म्हणजे शिक्षकाची आली, असंही नाही. पालकांची लेखी आणि मुलाची तोंडी, दोन्ही वेगवेगळ्या. प्रात्यक्षिक चाचणीत 'नाही' म्हणणाऱ्या मुलाला कारण विचारू नका, फक्त नोंद करा.

मोजपट्टी

दगडी_पाटी, पाचची मर्यादा फुटतुटीच्या नोंदवहीच्या फोटोंनाही लावावी लागेल, त्यावर सह्या असतात. फोटो न काढता जागेवरच आकडे उतरवून घ्यायचे असं ठरवू.

भेटीच्या दिवसाचा क्रम असा धरतोय: आधी वेळापत्रक आणि वह्या, मग तासाचं निरीक्षण, कपाट सगळ्यात शेवटी. कपाट आधी उघडलं तर त्या दिवशीचा तास आपल्यासाठी होतो. भेट कळवायची तारीख एक नाही, आठवडा कळवायचा. यात कुणाला खोट दिसत असेल तर सांगा, नाहीतर पुढच्या प्रतिसादात नोंदीचा नमुना टाकतो.

सहावा_बाक

खोट एक आहे. निरीक्षणाचा तास प्रयोगाचा नसेल तर हाताळणी शून्य येईल आणि ते शून्य खरंही असेल. आठवडाभरातले सगळे विज्ञान तास धरून त्यातले दोन चिठ्ठीनं निवडा. शिक्षकाला 'प्रयोगाचा तास दाखवा' असं सांगायचं नाही.